उकिरड्यापासून मक्त्यापर्यंत : खानदेशातील घरकचऱ्याची मालकी आणि तो वाहणारे हात

खानदेशातील जुन्या गावगाड्यात घरातील केरकचरा उचलून नेण्यासाठी कोणाला मोल देऊन ठेवण्याची पद्धत जवळजवळ नव्हती, कारण घरातून निघणाऱ्या बहुतेक वस्तूंना घराच्या किंवा शेताच्या हिशेबात कुठे ना कुठे जागा होती. चुलीची राख भांडी घासायला लागे, शेणाच्या गोवऱ्या होत, खरकटे गुरांपुढे जाई आणि उरलासुरला केर, गोठ्यातील चोथा व झाडलोट घराच्या मागे किंवा गावकुसाजवळ राखलेल्या उकिरड्यावर पडे. उकिरडा ज्याचा त्याचा असे. वर्षभर कुजलेले ते खत आखाजीच्या सुमारास, म्हणजे सालदाराचे जुने साल संपून नवे सुरू होण्याच्या दिवसांत, उपसून गाड्यांनी शेतात टाकले जाई. दुसऱ्याच्या उकिरड्याला हात लावणे ही चोरीच गणली जाई. गावात सफाईचे काम ठरावीक माणसांकडे होते ते फक्त दोन ठिकाणी: चावडी व सार्वजनिक जागांची झाडलोट आणि मेलेली जनावरे ओढणे. ही दोन्ही कामे महार वतनाच्या नावाखाली एका समाजावर वंशपरंपरेने लादलेली होती. त्यांचा मोबदला रोख मजुरीत नसून बलुत्याच्या धान्यात आणि मेलेल्या जनावराच्या कातड्यात मिळे. मोबदल्याची ही रीत कायद्याने मोडण्यासाठी १९५८ चा मुंबई कनिष्ठ गाव वतने निर्मूलन अधिनियम यावा लागला.

पैसे देऊन घराची घाण दुसऱ्याकरवी काढून घेणे ही खानदेशात शहराबरोबर आलेली गोष्ट आहे, आणि येथील शहरेही तशी अलीकडची आहेत. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर खानदेश इंग्रजांकडे आला, कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे हे जिल्ह्याचे ठाणे केले आणि जुन्या गावाशेजारी पांझरेच्या काठी सरळ, समांतर गल्ल्यांची नवी पेठ आखली. आजही धुळेकर ‘गल्ली नंबर चार’, ‘गल्ली नंबर पाच’ असाच पत्ता सांगतात. जळगाव वाढले ते रेल्वे आणि कापसामुळे. अमेरिकेतील यादवी युद्धाने हिंदुस्थानी कापसाला अचानक भाव आला आणि मुंबईकडे जाणारा लोहमार्ग त्याच दशकात खानदेशातून गेला, तेव्हा एका साध्या कसब्याचे बाजारपेठेत रूपांतर झाले. धुळ्याला १८६२ मध्ये आणि जळगावला १८६४ मध्ये नगरपालिका स्थापन झाली. १९०१ च्या खानेसुमारीत धुळ्याची वस्ती सुमारे २५ हजार आणि जळगावची १६ हजारांवर गेली होती. १९०६ मध्ये जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम खानदेश असे दोन भाग पडले, तेव्हा ही दोन्ही गावे जिल्ह्याची ठाणी झाली. पेठेतील वाड्याला मागे गोठा असला तरी शेत लांब पडले होते आणि वकील, कारकून, अडते, जिनिंगचे मालक या नव्या रहिवाशांपैकी पुष्कळांना शेतच नव्हते. उकिरड्याला शेत नसले की त्याची घाण होते, आणि घाण म्हटले की ती उचलणारा माणूस शोधावा लागतो.

हा माणूस स्थानिक बलुतेदारांतून मिळाला नाही. मैला वाहण्याचे काम महाराष्ट्रातील गावगाड्यात नव्हतेच, त्यामुळे गुजरातेतून आणि उत्तर हिंदुस्थानातून, लष्करी छावण्या, रेल्वेच्या वसाहती आणि नव्या नगरपालिका यांच्या मागे मागे आलेली मेहतर, वाल्मीक व तत्सम समाजांची कुटुंबे या कामात ओढली गेली. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात त्यांची वस्ती ठळकपणे वसली. श्रावण वद्य नवमीला, म्हणजे गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी, खानदेशातील शहरांत निघणारी गोगादेवाची छडी हा त्या स्थलांतराचा आजही दिसणारा पुरावा आहे, कारण जाहरवीर गोगा हे दैवत राजस्थान-हरियाणाकडचे असून मराठी मुलखातील शेतकरी जातींना ते ओळखीचे नाही. उत्तर व पश्चिम हिंदुस्थानच्या अनेक शहरांत या कुटुंबांचे घराघरांशी ठरलेले नाते असे: अमुक गल्लीतील अमुक घरे अमुक कुटुंबाची, ती दुसऱ्याने साफ करायची नाहीत, मोबदला थोडा रोख, थोडा शिळ्या भाकरीच्या रूपाने आणि दिवाळीला पोस्त. या रिवाजाला पुढच्या सरकारी अहवालांत रूढिजन्य हक्क असे नाव मिळाले. हक्क म्हणावा तर त्यात घाण उपसण्याखेरीज दुसरे काही नव्हते. तरीही तो वाटून घेतला जाई, गहाण पडे आणि काही प्रांतांत मुलीच्या लग्नात आंदणही दिला जाई. पोटाचे साधन इतके निश्चित असताना ते सोडणे किती कठीण जाते, हे या व्यवहारावरून कळते.

नगरपालिकेच्या कायद्याने या खासगी व्यवहारात दोन दिशांनी हात घातला. १८५० च्या सव्विसाव्या कायद्याने गावांना हवी असल्यास पालिका स्थापून सफाईसाठी पट्टी बसवण्याची मुभा दिली होती. १८७३ च्या, मग १८८४ च्या आणि शेवटी १९०१ च्या मुंबई जिल्हा नगरपालिका अधिनियमाने ही व्यवस्था तपशिलाने बांधून काढली. या १९०१ च्या कायद्यातील एक तरतूद विशेष लक्ष देण्याजोगी आहे. पालिकेच्या मालमत्तेत काय काय मोडते, याची जी यादी त्यात आहे, तिच्यात वेशी, विहिरी, बाजार, गटारे यांच्याच पंगतीला रस्ते, घरे व संडास यांतून पालिकेने गोळा केलेली धूळ, राख, शेण, केर व मैला यांचाही समावेश केलेला आहे. म्हणजे घरमालकाने बाहेर टाकलेला आणि पालिकेच्या माणसाने उचललेला कचरा त्या क्षणापासून पालिकेच्या मालकीचा होत असे. त्यातील काही विकायचे, द्यायचे किंवा जिरवायचे याचा निर्णय पालिकेचा. दुसरी तरतूद विशेष सफाईपट्टीची होती. घरपट्टीत रस्त्यांची झाडलोट धरलेली असे. परंतु खासगी संडास, आवार किंवा अंगण पालिकेने आपल्या माणसांकरवी साफ करायचे ठरवले, तर रीतसर नोटीस देऊन त्या घरावर ही वेगळी पट्टी बसवता येई. घरमालक ज्याला पूर्वी स्वतः मोल देई, त्याच कामाचे पैसे आता तो पालिकेत भरू लागला आणि काम करणारा बहुधा त्याच समाजाचा राहिला.

कचऱ्यावर मालकी सांगण्यात पालिकेला काय स्वारस्य असावे, असे आजच्या वाचकाला वाटेल. पण त्या काळी कचरा हा जमेच्या बाजूचा होता. मुंबई इलाख्यातील नगरपालिकांच्या जमाखर्चात खतविक्री हे उत्पन्नाचे रीतसर शीर्षक असे. मैल्यात राख मिसळून, ते उथळ चरांत वाळवून केलेल्या खताला सोनखत म्हणत. पुण्याच्या नगरपालिकेने मुठा कालव्यावरील उसाच्या मळ्यांना ते विकून या धंद्यात नाव कमावले होते, आणि एकेकाळी मैल्याला नाक मुरडणारे शेतकरी पुढे त्यासाठी बोली लावू लागले. अशा ठिकाणी मक्ता घेणारा पालिकेला पैसे देऊन खत नेई. कापूस आणि केळी या खानदेशाच्या दोन्ही मुख्य पिकांत केळी तर खताला कधी पुरे म्हणत नाही, त्यामुळे रावेर-यावलच्या बागायतदारांना शेणखताची टंचाई नेहमीच भासत आली आहे.

या मूल्याला शास्त्राचा आधार मिळाला तो सातपुड्यापलीकडून. इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात शेतातील काडीकचरा, शेण, मूत व राख यांचे थर देऊन, ओल राखून आणि वेळोवेळी वरखाली करून काही महिन्यांत खत करण्याची पद्धत बसवली. तिचे वर्णन करणाऱ्या १९३१ च्या पुस्तकावर हॉवर्ड यांच्या जोडीला यशवंत वाड या मराठी रसायनशास्त्रज्ञाचे नाव आहे. हीच रीत शहरातील केर व मैला यांना लावून दाखवण्याचे काम जॅक्सन आणि वाड यांनी केले व त्याचा अहवाल १९३४ मध्ये आला. ढिगाच्या आत तापमान इतके चढते की माशांच्या अळ्या व रोगजंतू टिकत नाहीत, ही त्यातील कळीची गोष्ट होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अन्नटंचाई आली आणि ‘अधिक धान्य पिकवा’ मोहिमेत नगरपालिकांना खतडेपो काढायला सांगण्यात आले, तेव्हा इंदूर आणि त्यापाठोपाठची बंगळूर पद्धत या दोन्हींचा देशभर प्रसार झाला. वाड यांचे नाव मात्र मराठी कृषिविषयक लेखनातही क्वचितच आढळते, हे थोडे खटकण्यासारखे आहे.

खताची किंमत वाढली म्हणून ते वाहणाऱ्याची किंमत वाढली नाही. पेठेतील जुन्या घराची रचना पाहिली की हे ध्यानात येते. घराच्या पाठीमागे, दोन ओळींच्या मध्ये, माणूस जेमतेम जाईल एवढा बोळ सोडलेला असे आणि संडासाच्या बैठकीखालची लहान लोखंडी झडप त्या बोळात उघडे. आत वेताची टोपली किंवा पत्र्याचा डबा. पहाटे मेहतर स्त्री बोळातून येई, झडप उघडून डबा ओढी, खरवडून तो आपल्या टोपलीत रिकामा करी, वर राख भुरभुरवी आणि टोपली डोक्यावर घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या मैलागाडीपर्यंत नेई. पावसाळ्यात टोपलीतून झिरपणारे पाणी तिच्या मानेवरून खाली ओघळे. घराच्या दर्शनी दारातून तिला प्रवेश नव्हता, आणि घरातल्या माणसांना तिचा चेहरा पाहण्याची वेळ बहुधा फक्त पोस्त मागायला ती आली तरच येई. नगररचनाकाराने आखलेल्या बोळानेच अस्पृश्यता अशी विटांत बांधून काढली होती.

प्लेगने या कामाची निकड वाढवली. १८९६ मध्ये मुंबईत उद्भवलेली साथ रेल्वेच्या वाटेने इलाखाभर पसरली, खानदेशही तिच्या तडाख्यातून सुटला नाही, आणि १८९७ च्या साथरोग कायद्याने घरे रिकामी करून धुण्याचे, चुना मारण्याचे व सामान जाळण्याचे अधिकार सरकारला मिळाले. सफाई थांबली तर शहर थांबते, हे त्याआधीच मुंबईने अनुभवले होते: तेथील हलालखोर, म्हणजे मैला वाहणारे पालिका कामगार, १८८९ मध्ये संपावर गेले आणि लगोलग १८९० चा मुंबई नगरपालिका नोकर अधिनियम आला, ज्याने अशा कामगाराने मुदतीची नोटीस न देता काम सोडणे हाच गुन्हा ठरवला. सफाईचे काम इतके आवश्यक की ते टाळणाऱ्याला तुरुंग, आणि इतके हलके की करणाऱ्याला पाणवठ्यावर मज्जाव, ही विसंगती कायदा करणाऱ्यांना टोचलेली दिसत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३५ मध्ये मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ उभारला, तो या पार्श्वभूमीवर.

गांधीयुगात सफाईचा प्रश्न खानदेशाच्या भूमीवर वेगळ्या रीतीने उभा राहिला. डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातील फैजपूर येथे राष्ट्रीय सभेचे खेड्यातील पहिले अधिवेशन भरले. हजारो लोकांच्या त्या तात्पुरत्या नगरीत मोल देऊन मेहतर न आणता चराचे संडास खणून सफाई स्वयंसेवकांनी करावी, हा आग्रह होता. कोकणात गोपुरी येथे आप्पासाहेब पटवर्धन यांनी हाच विचार पुढे नेऊन मैल्याला हात न लावता खत करता येईल असे संडास बनवण्यावर आयुष्य खर्च केले. उच्चवर्णीयाने झाडू हाती घेतल्याने कामाची प्रतिष्ठा वाढते, अशी या चळवळीची श्रद्धा होती. संडासाच्या रचनेत तिने केलेली सुधारणा मात्र श्रद्धेपेक्षा अधिक टिकाऊ ठरली, असे आज मागे वळून पाहता म्हणावे लागते.

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने १९४९ मध्ये व्ही. एन. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सफाई कामगारांच्या राहणीची चौकशी करणारी समिती नेमली आणि तिचा अहवाल १९५२ मध्ये पुढे आला. डोक्यावरून मैला वाहणे बंद करावे, बंद डबे व ढकलगाड्या द्याव्यात, या तिच्या मुख्य शिफारशी केंद्र सरकारने १९५५ मध्ये सर्व राज्यांकडे धाडल्या. त्यानंतर १९५७ मध्ये नेमलेल्या मलकानी समितीने देशभरची पाहणी केली आणि त्याच मलकानींच्या अध्यक्षतेखाली १९६५ मध्ये केवळ रूढिजन्य हक्कांसाठी वेगळी समिती बसली. तिच्यापुढचा पेच मोठा चमत्कारिक होता: घरोघरीचा हक्क काढून घ्यावा तर त्या कुटुंबाचे उत्पन्न जाते, ठेवावा तर नगरपालिका त्याला नोकर मानत नाही आणि हातगाडी, रजा, निवृत्तिवेतन यांपैकी काहीच त्याच्या वाट्याला येत नाही. उपाय एकच होता, तो म्हणजे खासगी सफाई पालिकेने पूर्णपणे आपल्याकडे घेणे आणि त्या माणसाला पगारी करणे.

महाराष्ट्रात १९६५ च्या नगरपरिषदा अधिनियमानंतर बऱ्याच अंशी तसे झाले. हजेरी शेड, मुकादम, आरोग्य निरीक्षक ही उतरंड आणि सकाळची हजेरी झाल्यावर खराटा, पावडी, घमेले घेऊन आपापल्या हद्दीत जाणारा कायम कामगार हे धुळे-जळगावच्या सकाळचे नित्याचे दृश्य झाले. सफाई कामगारांच्या प्रश्नांवर राज्य सरकारने नेमलेल्या लाड व पागे समित्यांच्या शिफारशींनी कामगाराच्या जागी त्याच्या वारसाला नोकरी मिळण्याची सोय केली आणि २४ फेब्रुवारी २०२३ च्या शासन निर्णयाने त्यासंबंधीचे जुने आदेश एकत्र केले. या सवलतीकडे दोन नजरांनी पाहता येते. ज्यांच्या आजोबांनी टोपली वाहिली त्यांना पगारी नोकरीची शाश्वती देणे न्याय्यच आहे. पण त्याच वाटेने मुलाच्या हातात बापाचा खराटा येतो, हेही खरे. डब्याचे संडास मात्र १९९३ चा बंदीकायदा, त्याला पूरक २०१३ चा कायदा आणि त्याहीपेक्षा फ्लशचे संडास व सेप्टिक टाक्या यांनी हळूहळू हटवले. मागचे बोळ आता बुजवलेले किंवा घराला जोडून घेतलेले दिसतात.

मैला नळाने जाऊ लागल्यावर उरला तो कोरडा-ओला केर, आणि त्याचे रूप बदलले होते. राख गेली, प्लास्टिक आले. कुजणाऱ्या ढिगात न कुजणाऱ्या पिशव्या मिसळल्या की शेतकरी ते खत फुकटही नेत नाही. अल्मित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात केलेल्या याचिकेतून २००० चे नागरी घनकचरा नियम आले, त्यांनी घरोघर जाऊन कचरा गोळा करणे पालिकांवर बंधनकारक केले. ८ एप्रिल २०१६ च्या नियमांनी वर्गीकरणाची जबाबदारी घरमालकावर टाकली आणि सेवेसाठी उपभोक्ता शुल्क आकारण्याची वाट मोकळी केली, जे तत्त्वतः १९०१ च्या सफाईपट्टीचेच नवे रूप आहे. नव्वदच्या दशकात नाशिकने सुरू केलेली घंटागाडी उत्तर महाराष्ट्रात सर्वत्र पोचली. २००३ मध्ये जळगाव आणि धुळे या दोन्ही शहरांना महानगरपालिका मिळाली आणि जळगावचा कारभार सतरा मजली इमारतीतून चालू लागला, तरी नव्या भरतीला पैसा नव्हता, म्हणून घंटागाडी धावली ती मक्तेदाराची. जळगावचा कचरा आव्हाणे शिवारात, धुळ्याचा वरखेडी रस्त्यावरच्या डेपोवर जाऊ लागला.

या मक्त्यात पैशाची दिशा उलटली. पूर्वी मक्तेदार पालिकेला देई, आता पालिका मक्तेदाराला देते, आणि बहुतेक ठिकाणी टनावर देते. वजनावर मोबदला म्हटले की ओला, जड कचरा हवासा आणि वर्गीकरण नकोसे होते. कचऱ्यात माती, दगड भरून काट्यावर वजन वाढवल्याचे आरोप राज्यातील महासभांतून वर्षानुवर्षे होत आले आहेत. कायम कामगाराला मिळणारे वेतन आणि त्याच गल्लीत मक्तेदाराकडे राबणाऱ्याचे वेतन यांतली दरी हा दुसरा परिणाम. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने या प्रश्नावर दीर्घ लढा देऊन २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून २,७०० कंत्राटी कामगारांना कायम करून घेतले. पुण्यात १९९३ पासून संघटित झालेल्या कचरावेचकांनी पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था काढून घराघराशी थेट, मासिक मोबदल्याचा करार केला. खानदेशात यांपैकी कोणतीच वाट मळली नाही.

कचऱ्याचे मोल सगळेच संपले असे मात्र नाही. ते पालिकेच्या वहीतून भंगाराच्या दुकानात गेले. प्लास्टिकच्या चटया विणण्याचा उद्योग जळगावच्या औद्योगिक वसाहतीत मोठा आहे आणि त्याच्या कच्च्या मालात पुनर्वापराच्या प्लास्टिकचा वाटा भरीव असतो. वेचकाने डेपोवरून किंवा दारोदार फिरून आणलेले प्लास्टिक भंगारवाल्याकडे रंगाप्रमाणे निवडले जाते, धुऊन, दळून, वितळवून त्याचा दाणा केला जातो, दाण्यापासून पोकळ काडी ओढली जाते आणि ती मागावर आडव्या धाग्यासारखी भरून चटई विणली जाते. जी गोष्ट द्यायला घरमालक शुल्क भरतो, तीच तो वर्षभराने लग्नाच्या मांडवात अंथरायला विकत आणतो. या साखळीच्या पहिल्या टोकाला असलेल्या वेचकाची दखल २०१६ च्या नियमांनी घेतली खरी, पण कायद्याने कचरा पालिकेचा असल्याने डेपोवरचे त्याचे वेचणे कुणाच्या तरी मेहेरबानीवरच चालते.

घरमालकाने आपण होऊन माणूस लावण्याची वेळ आज मुख्यतः एकाच प्रसंगी येते, ती म्हणजे जुने घर पाडताना. घंटागाडी मलबा घेत नाही. २०१६ च्या बांधकाम व पाडकाम कचरा नियमांनी दिवसाला २० टन किंवा एका कामामागे महिन्याला ३०० टनांहून अधिक मलबा काढणाऱ्याला आराखडा देऊन वाहतुकीचा व प्रक्रियेचा खर्च भरण्यास सांगितले, तर त्याहून लहान कामाचा मलबा पालिकेने नेमलेल्या जागी पोचवावा असे ठरवले; परंतु अशी जागा जवळ नसली की घरमालक ट्रॅक्टरवाल्याला गाठतो आणि खेपेचा भाव ठरवून मोकळा होतो. त्या मलब्याला गिऱ्हाईकही असते. काळ्या जमिनीतील प्लॉट पावसाळ्यात चिखलाने बसतो, त्यावर बांधण्याआधी भराव लागतो, आणि नव्या वसाहतीतला प्लॉटधारक त्या भरावाचे पैसे त्याच ट्रॅक्टरवाल्याला देतो. भरावाला मागणी नसेल त्या आठवड्यात मात्र खेप रात्रीची निघते आणि नाल्यात किंवा नदीपात्रात रिकामी होते.